सात अक्षरं आणि दोन तास

जून उजाडला की घरोघरी एकच गडबड. नवं दप्तर, वह्यांना कव्हरं, रेनकोट, डब्यात काय द्यायचं याची चर्चा. आणि पहिल्यांदाच शाळेत निघालेलं पिल्लू असेल तर विचारूच नका! देवापुढे पाट मांडायचा, पाटीला हळद-कुंकू वाहायचं, आजोबांनी नाहीतर बाबांनी हात धरून ‘श्रीगणेशा’ गिरवून घ्यायचा, मग हातावर दही-साखर. काही घरांत ताटातल्या तांदळावर बोटानं अक्षर काढतात. आजकाल पाटी फक्त त्या दिवसापुरतीच आणली जाते, पण आणतात खरी.

आता मुलगा असो की मुलगी, आपण हे तितक्याच हौसेनं करतो. पण दीडशे वर्षांपूर्वी हा थाट घरातल्या मुलग्यांचाच असे. मुलीचा श्रीगणेशा? भलतंच! म्हणूनच शाळा सुरू होताना मला दरवर्षी रमाबाई रानडे यांची आठवण येते. त्यांची पाटीपूजा कुणी केली नाही. त्यांचा श्रीगणेशा झाला तो सासरी, रात्री, माडीवर.

रमाबाई माहेरच्या यमुना कुर्लेकर, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या. घर खातंपितं, वडील प्रेमळ, पण मुलींना अक्षरओळख नाही. कारण काय, तर घराण्यातली एक आत्या थोडं लिहा-वाचायला शिकली होती आणि ती लहानपणीच विधवा झाली. झालं! शिकलेल्या बाईचं कुंकू टिकत नाही, हे घरात पक्कं ठरलं. आज आपल्याला हसू येतं, पण पोरीच्या जिवाची काळजी असलेली माणसंच तिला पाटीपासून लांब ठेवत होती.

१८७३ मध्ये अकराव्या वर्षी यमुनेचं लग्न झालं. नवरा ३१ वर्षांचा, बिजवर, न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर आणि वर समाजसुधारक. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, तेव्हा ते विधवेशीच लग्न करतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्यांच्या वडिलांना हीच धास्ती होती. त्यांनी घाईनं मुलगी बघितली आणि रानडे वडिलांपुढे झुकले. त्यांच्यावर टीका झाली, आणि मला विचाराल तर ती योग्यच होती. पण त्या झुकण्याची खंत त्यांनी कृतीत आणली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी बायकोला लिहा-वाचायला येतं का विचारलं, नाही म्हटल्यावर पाटी-पेन्सिल आणली आणि ‘श्रीगणेशाय नमः’ काढून दिलं.

सात अक्षरं. ती गिरवायला तिला दोनेक तास लागले. ज्या बोटांना रांगोळीची, फार तर सुई-दोऱ्याची सवय, त्यांना पेन्सिल कशी धरायची हेच कळेना. आपल्या लेकराचं पहिलं वाकडं ‘ग’ आठवतंय ना? तसंच असणार ते.

रात्री माडीवर अभ्यास आणि सकाळी खाली स्वयंपाकघर! घरात सासूबाई, विधवा नणंद आणि आणखीही बायका. सून शिकतेय म्हटल्यावर टोमणे, अबोला, मुद्दाम कामं लावणं, सगळं सुरू झालं. नवरा सकाळी कोर्टात निघून जाई, ऐकून घ्यायचं ते हिनंच. सासरी पाठवताना वडिलांनी बजावलं होतं की घरातल्या बायकांचं गाऱ्हाणं नवऱ्यापाशी न्यायचं नाही. तिनं ते पाळलं. सुधारणेची भाषणं पुरुषांनी केली, पण तिची किंमत स्वयंपाकघरात चुकती झाली, असं मला नेहमी वाटतं. बरं, टोमणे मारणाऱ्या त्या बायकाही वाईट नव्हत्या हो. ज्यांना आयुष्यात कुणी पाटी दिली नाही, त्यांना हिची पाटी कशी बघवणार?

पुढे फिमेल ट्रेनिंग कॉलेजातल्या सगुणाबाई देव शिकवायला येऊ लागल्या. नाशिकला बदली झाल्यावर जरा मोकळा श्वास मिळाला, तिथे इंग्रजीही सुरू झालं. पुण्यात परतल्यावर इंग्रजी शिकवायला ख्रिस्ती बाई यायच्या, तेव्हा विटाळ नको म्हणून धड्यानंतर आंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, असा घरचा दंडक होता. त्याही आंघोळी त्यांनी केल्या, पण धडा चुकवला नाही.

१८८४ साली मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून पुण्यात खटपट चालली होती. त्या सभेत गव्हर्नरसाहेबांसमोर रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. तेव्हा त्या जेमतेम बाविशीच्या होत्या. घरी आल्यावर कौतुक सोडा, बायकांनी चांगलंच फैलावर घेतलं. शाळा मात्र त्याच वर्षी उघडली. तीच आपली हुजूरपागा.

१९०१ मध्ये रानडे गेले. आत्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्यांना, पाहा, शिकली म्हणून विधवा झाली, असं म्हणायला निमित्तच मिळालं असेल. त्यानंतर काही काळ रमाबाई घराबाहेर पडल्या नाहीत. पण १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि त्या त्यात बुडून गेल्या. विधवा, टाकलेल्या बायका, चार-चार मुलांच्या आया तिथे येत. कुणी मोठ्या वयात बाराखडी गिरवली, कुणी नर्स झाली, कुणी मास्तरीण. मोठेपणी पाटी हातात घेताना काय लाज वाटते, हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि १९२० ची गोष्ट. पुण्याच्या नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा विषय निघाला. पैसा पुरणार नाही, तेव्हा आधी मुलग्यांना सक्ती करू, मुलींचं मागाहून बघू, असं बऱ्याच पुढाऱ्यांचं म्हणणं पडलं. मोठमोठी नावं त्या बाजूला होती. तेव्हा साठीला टेकलेल्या रमाबाई शेकडो बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. मुलींनाही शाळा हवी, आणि ती मुलग्यांबरोबरच हवी, ही त्यांची मागणी. पुण्यातल्या घरंदाज बायका मोर्चा काढतात, हेच तेव्हा अनेकांना पचलं नाही. चार वर्षांनी, १९२४ मध्ये, त्या गेल्या.

त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये आलं. पाटीची ती रात्र त्यात आहे. गावच्या वाचनालयात चौकशी करा, एखादी जुनी, शिवण उसवलेली प्रत बहुतेक निघेल. दुपारची कामं आटोपली की हातात घ्या. भाषा जुनी आहे, पण आपल्याच घरातलं कुणी बोलतंय असं वाटतं.