लंडनहून बोलणाऱ्या वेणूताई

सौंदडला बँकेत होतो तेव्हा माझा दिवस रेडिओवर उजाडायचा. धान निघण्याचे दिवस असले की बँक उघडायच्या आधीच शेतकरी पायरीवर येऊन बसत. मी घाईघाईने दाढी उरकताना बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा कसा असेल, याचा विचार करीत असे. कादंबऱ्या लिहिणाऱ्याचा हा जुना नाद! त्या नादापायीच पुढे वेणू चितळे भेटल्या, अर्थात कागदावर.

जन्म 1912 चा, कोल्हापूरकडचा. शाळा पुण्याची हुजूरपागा. तिशीच्या दशकात त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि 1940 मध्ये बीबीसीत लागल्या. त्याच वर्षी लंडनवर बॉम्ब पडू लागले. मांस, लोणी, साखर रेशनवर. अशा वेळी नऊवारी-पाचवारीच्या संस्कारातली ही मुलगी इंग्रज गृहिणींना रेडिओवरून शाकाहारी स्वयंपाक सांगत होती. माजघरातली विद्या कुठे कामी येईल, सांगता येत नाही!

1941 मध्ये जॉर्ज ऑर्वेल तिथल्या भारतीय विभागात आले. वेणूताई त्यांच्या सहायक झाल्या. ऑर्वेल दर आठवड्याला युद्धाचा आढावा लिहीत. तो मराठी, गुजराती, बंगाली, तमिळमध्ये जाई. मराठी प्रसारणात वेणूताईंचा वाटा होता. युद्धकाळात बोलणाऱ्याच्या शेजारी बटणाजवळ एक माणूस बसे. संमत मजकुराबाहेर एक शब्द गेला की आवाज बंद! 1942 साली इकडे घरचे लोक तुरुंगात जात असताना तिकडे सरकारी मजकूर हाती धरायचा, हे मनाला सोपे गेले असेल असे मला वाटत नाही.

त्याच वर्षीच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, ऑर्वेल यांच्यासोबत त्या दिसतात. लोक त्यात ऑर्वेलला शोधतात.

1947 मध्ये त्या परतल्या आणि दिल्लीच्या निर्वासित छावण्यांत विजयालक्ष्मी पंडित यांच्याबरोबर काम करू लागल्या. स्टुडिओची शांतता सोडून त्या रडणाऱ्या बायका-मुलांत आल्या. त्यांच्या आयुष्यातला हा भाग मला सर्वांत मोठा वाटतो, आणि त्यावरच सर्वांत कमी लिहिले गेले.

1950 मध्ये त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही कादंबरी आली. पुण्यातल्या एका एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्यांची गोष्ट, पण इंग्रजीत. त्याच वर्षी लग्न झाले आणि वेणू चितळेंच्या लीला खरे झाल्या. कुणी नाव विचारत आले असते, तरी त्या नावाने दार उघडले नसते.

1995 मध्ये त्या गेल्या. मी तेव्हाही सकाळच्या बातम्या चुकवत नसे. त्यांचे नाव कानी आल्याचे काही आठवत नाही.