१४ नोव्हेंबरलाच जागतिक मधुमेह दिन का? जाणून घ्या
इन्सुलिन नव्हते तेव्हा टाइप-१ मधुमेह झालेली मुले फार काळ जगत नसत. हे बदलले ते फ्रेडरिक बँटिंग यांच्या ध्यासामुळे. १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडात जन्मलेले बँटिंग हे सर्जन होते. १९२१मध्ये टोरांटो विद्यापीठात, प्रा. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, त्यांनी चार्ल्स बेस्ट यांच्यासोबत प्राण्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. जानेवारी १९२२मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला दिलेले पहिले इंजेक्शन फसले. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केल्यावर मात्र त्याची साखर उतरली. पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला देण्यात आले. १९२३च्या नोबेलमधील आपली निम्मी रक्कम बँटिंग यांनी बेस्ट यांना दिली. १९४१मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. इन्सुलिनने मधुमेह बरा होत नाही, पण जगता येते. म्हणूनच त्यांचा जन्मदिवस मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.