होशेय संदेष्टा व देवाची प्रीति

जुन्या करारांत केवळ देवाचा कोप आहे व त्याची प्रीति नव्या करारांतच आहे, असें आमच्या मंडळ्यांत पुष्कळदां ऐकूं येतें. असें म्हणणारांनीं होशेय संदेष्ट्याचें चरित्र एकदां लक्षपूर्वक पाहावें, अशी आमची विनंति आहे.

होशेय हा बैरीचा पुत्र. ख्रिस्तापूर्वीं आठव्या शतकांत, दुसरा यराबाम राजा असतां, इस्राएलाच्या उत्तर राज्यांत त्यानें सेवा आरंभिली. देशांत धनधान्य विपुल होतें. परंतु पीक बआल देतो असें समजून लोक टेकड्यांवर झाडांखालीं धूप जाळीत असत.

देवाच्या आज्ञेवरून होशेयानें दिब्लाइमाची कन्या गोमर इच्याशीं लग्न केलें. तीन लेंकरें झालीं. पहिला इज्रेल, मग मुलगी लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया झाली नाहीं ती, मग मुलगा लो-अम्मी, म्हणजे माझे लोक नव्हेत. तिन्ही नांवें राष्ट्राला इशारा देणारीं होतीं. गोमर पतीशीं एकनिष्ठ राहिली नाहीं. गांवांत अशा घराची काय दशा होते, हें वाचकांस सांगणें नलगे.

पुढें देवानें त्याला व्यभिचारी स्त्रीवर पुन्हां प्रीति करण्यास सांगितलें. तेथें तिचें नांव दिलेलें नाहीं. तथापि ती गोमरच असें पुष्कळ जण मानितात, व आम्हांसही तसेंच वाटतें. पंधरा शेकेल रुपें व दीड होमर जव देऊन त्यानें तिला घेतलें. कांहीं रोख व बाकीचें धान्य! कणगींतले जव मापून देणारा हा पति आमच्या शेतकरी बंधूंच्या डोळ्यांपुढें सहज उभा राहील. मात्र त्यानें दोष झांकिला नाहीं; पुष्कळ दिवस संयमानें राहावें, असें त्यानें तिला सांगितलें.

ह्या दुःखांतून होशेयाला देवाचें हृदय कळलें. इब्री भाषेंत हेसेद असा एक शब्द आहे. आमच्या मराठी शास्त्रांत त्याकरितां दया, वात्सल्य असे शब्द येतात. तो क्षणिक कळवळा नव्हे. दुसऱ्यानें करार मोडिला तरी न सुटणारा स्नेह होय. रुहामा ह्या नांवांतील दयेचें नातें तर आईच्या उदराच्या इब्री शब्दाशीं आहे. अकराव्या अध्यायांत देव एफ्राइमाला हातीं धरून चालावयास शिकविणाऱ्या बापासारखा दिसतो.

शिक्षा टळली नाहीं, इ. स. पूर्वीं ७२२ च्या सुमारास शोमरोन पडलें. तथापि लो-रुहामेवर दया होईल व लो-अम्मी पुन्हां देवाची प्रजा होईल, हें वचन त्याच ग्रंथांत आहे. यज्ञाहून दया बरी, हें होशेयाचें शिक्षण प्रभु येशूनेंही परूश्यांपुढें दोनदां मांडिलें.

मंडळींतून बहकून गेलेला कोणी परत दारीं आला, म्हणजे आम्ही पंच व उपदेशक प्रथम शिस्तीचा विचार करितों. शिस्त हवीच. परंतु होशेयानें आधीं किंमत भरिली व तिला आपली म्हटलें. नियम मागाहून सांगितला. आम्ही तो दाराबाहेरच सांगत बसलों, तर ज्या प्रीतीनें आम्हांस घरांत घेतलें ती आम्हांस अद्याप कळली नाहीं, असेंच म्हणावें लागेल.