दाबातून वीज शोधणारे पियरे क्युरी

पियरे क्युरी यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी फ्रान्स देशात पॅरिस शहरी झाला. वडील डॉक्टर होते. पियरे लहानपणी शाळेत गेलेच नाहीत. एका विचारात गुंतले की दुसरीकडे त्यांचे लक्ष जात नसे, म्हणून वडिलांनी घरीच शिकवले. पण मित्रांनो, आपण शाळा बुडवायची नाही बरं का!

पुढे ते मोठे भाऊ जॅक यांच्यासोबत प्रयोग करू लागले. १८८० साली दोघा भावांनी एक नवलाची गोष्ट शोधली. आपल्याकडे धुऱ्यावर पांढरी गारगोटी सापडते ना, त्याच जातीचा स्वच्छ स्फटिक ठरावीक दिशेने कापून दाबला की त्यावर थोडीशी वीज तयार होते. पुन्हा पुन्हा दाबला की पुन्हा पुन्हा होते. म्हणजे हादऱ्यातूनही वीज मिळते. गॅसचे लायटर टक् केले की ठिणगी पडते, तीही याच गुणामुळे.

१८९५ साली त्यांचे मारी यांच्याशी लग्न झाले. स्फटिकाच्या उपकरणाने अगदी बारीक वीज मोजत दोघांनी १८९८ साली पोलोनियम व रेडियम शोधले. १९०३ साली बेक्वेरेल यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९ एप्रिल १९०६ रोजी भर पावसात घोडागाडीखाली सापडून पियरे वारले. वय अवघे ४६.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. ज्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, त्यांच्या छातीत डॉक्टर पेसमेकर बसवतात. काही वर्षांनी त्याची बॅटरी संपते. मग पुन्हा ऑपरेशन, पुन्हा खर्च, म्हाताऱ्या माणसाची पुन्हा अमरावती-नागपूरची धावपळ. चांदूर रेल्वेतून मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी थरथरतात. तसे हृदयही रात्रंदिवस धडधडते. त्या धडधडीतूनच वीज घेतली तर? २०१४ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी गाय, मेंढी व डुक्कर यांच्या हृदयावर कागदासारखी पातळ पट्टी बसवून अशी वीज मिळवून दाखवली. तिच्यात तोच दाबातून वीज देणारा गुण आहे. माणसांचे पेसमेकर अजून बॅटरीवरच चालतात, पण प्रयोग सुरू आहेत.

दोघा भावांनी स्फटिक दाबला तेव्हा त्याचा पुढे एवढा उपयोग होईल हे कोणाला ठाऊक होते? म्हणून मित्रांनो, कोणतीही वस्तू बिनकामाची समजू नये. हातात घ्यावी, पाहावी, विचार करावा. हाच बोध पियरे क्युरी यांच्या जीवनातून मिळतो.

— इयत्ता सातवी