सात हातांची विहीर आणि भास्कराचार्यांचा हिशेब

घरातल्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारा, वर्तुळाचा परीघ कसा काढायचा? बावीस भागिले सात गुणिले व्यास, असं ते पटकन सांगेल. हाच हिशेब साडेआठशे वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या एका माणसाने शिकवला आणि त्याहून बारीक हिशेबही दिला. त्यांचं नाव भास्कराचार्य.

त्यांचा जन्म 1114 सालचा. वडील महेश्वर हे स्वतः मोठे ज्योतिषी. मुलाचे गुरूही तेच. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जलविड, असं भास्कराचार्यांनी लिहून ठेवलं आहे. काही अभ्यासकांनी हे नाव आपल्या बीडशी जोडलं. बालाघाटची रांग ही सह्याद्रीचीच शाखा, त्यामुळे बीडकरांना ते पटतंही. दुसरे अभ्यासक चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. तिथे त्यांचे नातू चांगदेव यांचा 1207 सालचा शिलालेख आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. पण माणूस दख्खनचा, याबद्दल शंका नाही.

वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावतीत परिघाचे दोन नियम आहेत. रोजच्या कामासाठी व्यासाला 22 ने गुणा आणि 7 ने भागा. बारीक कामासाठी 3927 ने गुणा आणि 1250 ने भागा. म्हणजे 3.1416.

दोन नियम कशाला? सात हात रुंदीची गोल विहीर घ्या. पहिल्या नियमाने घेर 22 हात येतो. दुसऱ्याने त्याहून जरासा कमी. हा फरक एका बोटाच्या रुंदीच्या पाव भागाइतकाही नाही. विहीर बांधणाऱ्या गवंड्याला किंवा चाकाला लोखंडी धाव बसवणाऱ्या लोहाराला त्याने काही अडत नाही. पण भास्कराचार्यांना पृथ्वीही मोजायची होती. तिचा परीघ त्यांनी 4967 योजने धरला. तिथे बावीस-सातचा ठोकळ हिशेब लावला तर जवळजवळ दोन योजने जास्त येतात. त्यांच्याच कोष्टकाप्रमाणे हे झाले आठ कोस! छोट्या कामात खपणारी चूक मोठ्या कामात केवढी होते, ते इथे कळतं.

हा बारीक नियम त्यांच्याही आधीचा. आर्यभटांनी 20000 व्यासाला 62832 परीघ सांगितला होता. दोन्ही आकड्यांना 16 ने भागा, 1250 आणि 3927 च येतात. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनीही आपल्या अल-जब्रच्या किताबात हेच आकडे नोंदवले. इल्म सरहद्द बघत नाही, ते असं.

पुढे 1587 मध्ये अकबर बादशहाच्या हुकमाने शायर फैझी यांनी लीलावती फारसीत आणली. शहाजहानच्या काळात अताउल्लाह रशीदी यांनी बीजगणिताचा फारसी तर्जुमा केला. ताजमहालचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचे हे चिरंजीव. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यावर वास्तुकार म्हणून अताउल्लाह हेच नाव कोरलेलं आहे.

लीलावतीची गोष्ट आपल्याला कळते तीही फैझींच्या फारसी प्रस्तावनेतून. मूळ ग्रंथात ती नाही. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाची घटका मोजायला पाण्यात भोकाची वाटी सोडली होती. मुलगी वाकून बघत असताना तिच्या कपड्यातला मोती वाटीत पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळला. तेव्हा बापाने तिला शब्द दिला की, तुझ्या नावाने असा ग्रंथ लिहीन जो काळ ओलांडून टिकेल.

गोष्ट खरी की दंतकथा, ते सोडून देऊ. पण ती आम्हाला टोचते. त्या गोष्टीतला बाप लग्न राहिलं म्हणून मुलीच्या हाती गणित देतो. आपल्या जिल्ह्यात आजही लग्न ठरलं म्हणून मुलीच्या हातातलं पुस्तक सुटतं. गणित काय करायचंय पोरीला, असं आपल्याच घरांत बोललं जातं.

भास्कराचार्य थांबले नाहीत. 1183 मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी करणकुतूहल हा आणखी एक ग्रंथ लिहिला. मुलगा लक्ष्मीधर विद्वान निघाला, आणि नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. एका घराने इल्म तीन पिढ्या सांभाळलं.

आपण निदान एवढं करू. आज रात्री जेवण झाल्यावर मुलीला सोबत घेऊन बसा. तिची बांगडी घ्या, दोरा घ्या. दोऱ्याने बांगडीचा घेर मोजा, मग तिची रुंदी मोजा, आणि घेराला रुंदीने भागायला तिलाच सांगा. उत्तर तीनच्या थोडं पुढे येईल. का, असं तिने विचारलं तर भास्कराचार्यांचं नाव सांगा, ख्वारिझ्मींचंही सांगा. आणि तिची शाळा सुटू देऊ नका.