मुहम्मद नातसीर: मंत्रिपद, बंड आणि दावत

सत्ता गेल्यावर माणसाचे खरे मोल कळते. इंडोनेशियाचे मुहम्मद नातसीर (1908-1993) माहितीमंत्री असतानाही ठिगळ लावलेला सदरा वापरीत. 1950 मध्ये त्यांच्या प्रस्तावाने देशातील विखुरलेली राज्ये एकत्र येण्याचा मार्ग खुला झाला; त्याच वर्षी ते पंतप्रधान झाले. नाराज आचेह प्रांतात 1951 मध्ये ते स्वतः गेले व तेथील उलेमांची समजूत घातली. पुढे सुकार्नोंच्या एकाधिकारशाहीला विरोध करताना 1958 मध्ये तेच सुमात्रातील बंडाचे एक नेते ठरले. 1961 मध्ये शरणागती पत्करली. 1966 पर्यंत कैद भोगली. सुटकेनंतर राजकारणाची दारे बंद होती. परंतु ते बंडाकडे पुन्हा वळले नाहीत. 1967 मध्ये दावतीची संस्था स्थापून त्यांनी दूरदूरच्या खेड्यांत प्रचारक पाठवले. अन्याय झाल्यावर आपण कोणता मार्ग निवडू, याचा विचार करा. अल्लाह आम्हां सर्वांना सब्र देवो. आमीन.