गिरणीभोवती गाव वसवणारे टायटस सॉल्ट

लालबाग-परळच्या गिरण्या पडताना आणि त्यांच्या जागी टॉवर चढताना मुंबईकरांनी पाहिले. गिरणी न पाडता तिच्यातच घरे करता येतात, याचे उदाहरण इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील सॉल्टेअर येथे आहे. तेथील लोकरीच्या एका जुन्या गिरणीत आता सदनिका आहेत. ती गिरणी आणि तिच्याभोवतीचे गाव टायटस सॉल्ट यांनी उभारले.

सॉल्ट यांचा जन्म २० सप्टेंबर १८०३ रोजी लीड्सजवळील मॉर्ले येथे झाला. वडिलांचा लोकरीचा व्यापार होता. इतर कारखानदारांनी नाकारलेली दक्षिण अमेरिकेतील अल्पाका लोकर १८३६ च्या सुमारास त्यांनी घेतली, तिच्यात सुती ताणा मिसळून तलम, चकाकदार कापड विणले आणि त्यावर अमाप पैसा मिळवला.

पैसा देणारे ब्रॅडफर्ड शहर मात्र धुराने काळवंडले होते. सॉल्ट महापौर असताना १८४९ मध्ये तेथे पटकीची साथ आली. शहराबाहेर, एअर नदीकाठी, कालवा आणि लोहमार्ग यांच्यामध्ये त्यांनी नवी गिरणी बांधली. स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, २० सप्टेंबर १८५३ रोजी, तिचे उद्घाटन झाले. तीन हजारांवर कामगारांसाठी पुढे आठशेहून अधिक दगडी घरे उठली. घरोघरी पाणी आणि गॅस आला; शाळा, रुग्णालय, वाचनालय, उद्यानही झाले. रस्त्यांना पत्नी कॅरोलिन आणि मुलांची नावे मिळाली.

या उदारतेला मालकीची धार होती. घरे भाड्याची, घरमालक तोच गिरणीमालक. गावात दारूच्या गुत्त्याला बंदी. मुले अर्धा वेळ शाळेत, अर्धा वेळ गिरणीत. सॉल्ट यांना संत ठरवण्याची घाई म्हणूनच करू नये. तरीही आपल्याकडील चाळींतील एका खोलीचा संसार आठवला, की त्या घरांचे मोल कळते.

१८६८ मध्ये कालव्यापलीकडे ‘न्यू मिल’ उभी राहिली. १८६९ मध्ये सॉल्ट यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. २९ डिसेंबर १८७६ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला सुमारे एक लाख लोक रस्त्यावर आले होते.

कामगारांची घरे कंपनीने १९३३ मध्ये विकली. फेब्रुवारी १९८६ मध्ये गिरणीही थांबली. जाड भिंती, भक्कम मजले, उंच खिडक्या. वास्तू पाडण्यापेक्षा वापरणे शहाणपणाचे होते. जोनाथन सिल्व्हर यांनी १९८७ मध्ये मुख्य गिरणी विकत घेऊन तिच्यात कलादालन सुरू केले. न्यू मिलमध्ये आरोग्यसेवेची कार्यालये आणि सदनिका झाल्या. २००१ मध्ये युनेस्कोने सॉल्टेअरला जागतिक वारसास्थळ घोषित केले. व्हेनिसमधील चर्चच्या मनोऱ्याच्या धर्तीवर बांधलेले न्यू मिलचे धुराडे आजही त्या सदनिकांच्या माथ्यावर उभे आहे.